कडू लौकी औषधी नसते

‘घरच्या सेंद्रिय दुधीचा रस कडू लागला तरी पिऊन टाका, कडू तेच औषध’ हा निरोप वर्षानुवर्षं फिरतो आहे. इंदूरला आपल्याकडे गच्चीवर, परसात लौकीचा वेल असतोच (दुधीला इथे आपण लौकीच म्हणतो), म्हणून हे नीट सांगावंसं वाटतं.

हा कडूपणा कुकरबिटासिन नावाच्या द्रव्यांचा. किडीपासून आणि जनावरांपासून बचाव म्हणून काकडी-भोपळ्याच्या कुळातल्या वेली ती स्वतःच तयार करतात. खाण्याच्या जातींत ती अगदी थोडी असतात. पण माळव्यातल्या मे महिन्यासारखं ऊन आणि पाण्याची ओढ बसली, किंवा बी रानटी जातीशी संकर झालेलं निघालं, की ती वाढतात. मुळाशी शेणखत होतं की युरिया, याने ती टळत नाहीत. उलट घरी राखलेल्या बियाण्यात असा संकर नकळत होऊ शकतो.

कारलं मुळातच कडू. लौकी तशी नाही, म्हणून तिचा कडूपणा ही सूचना समजावी. असा रस प्यायल्यावर उलट्या, जुलाब, पोटात कळा येतात. कधी रक्ताची उलटी होते, रक्तदाब घसरतो. मृत्यूही झाले आहेत. शिजवून किंवा मीठ-लिंबू घालून हे द्रव्य जात नाही.

तपासायला जीभ पुरते. चिरण्याआधी दोन्ही टोकांचा नखाएवढा कच्चा तुकडा जिभेवर ठेवा. कडू लागला तर थुंका, चूळ भरा, अख्खी लौकी टाकून द्या. गिलकी, काकडीलाही हेच. रस पोटात गेला असेल आणि मळमळ सुरू झाली, तर घरगुती उपाय न करता लगेच दवाखाना गाठा आणि काय प्यायलात ते डॉक्टरांना सांगा.