हवाई झुंज आणि क्षेपणास्त्रे

हवाई झुंज : लढाऊ विमानांची एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात होणारी लढाई. बातम्यांत आणि बोलण्यात 'डॉगफाइट' हाच शब्द जास्त रुळला आहे. पहिल्या महायुद्धात ती सुरू झाली. कोलकात्यात जन्मलेल्या इंद्रलाल रॉयने जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांत १० विजय नोंदवले आणि त्याच महिन्यात, वयाच्या १९ व्या वर्षी, तो मारला गेला. तेव्हा डाव एकच असे: शत्रूच्या शेपटीमागे जायचे आणि तिथे टिकायचे.

जेट विमान आले तरी हा डाव वेगाच्या हिशेबावरच चालतो. वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ७२० किमी वेगाने ९ जीचे, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट जोराचे, वळण घेतले, तर वर्तुळाचा व्यास सुमारे ९०० मीटर भरतो. वेग दुप्पट केला की व्यास चौपट, म्हणजे सुमारे ३.६ किमी, नरिमन पॉइंटपासून चौपाटीपर्यंत मरीन ड्राइव्हची लांबी साधारण एवढीच आहे. जानेवारी २०२४ मध्ये हवाई दलाच्या प्रात्यक्षिकांच्या वेळी तिथल्या कठड्यावर बसून मुंबईकरांनी सुखोई-३० पाहिले. तसली घट्ट वळणे नजरेसमोर घेता येतात ती वेग आवरूनच.

९ जीला हेल्मेटसह सहा-सात किलोचे डोके साठ किलोंच्या घरात जाते, आणि तेच डोके वळवून मागे पाहायचे असते. रक्त पायांकडे उतरले की आधी रंग जातात, मग दिसणेच बंद होते. म्हणून जी-सूट हवा भरून पोट आणि मांड्या आवळतो.

घट्ट वळणात वेग झपाट्याने खर्च होतो आणि इंजिन तो तितक्या लवकर भरून देत नाही. उंची ही मात्र साठवलेली ऊर्जा; खाली सूर मारला की तिचा पुन्हा वेग होतो. अमेरिकी वैमानिक जॉन बॉइड यांनी १९६० च्या दशकात हा हिशेब गणितात मांडला. 'हाय यो-यो' हे त्याचे सोपे उदाहरण. पाठलाग करणारा फार वेगात असेल आणि सावजाच्या पुढे निघून जाणार असेल, तर तो आणखी जोरात वळत नाही. नाक वर उचलतो, वेगाची उंची करतो आणि वरून पुन्हा वळणाच्या आत उतरतो. खेच कधी आणि ढील कधी, हे गिरगावच्या गच्चीवर पेच लढवलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. 'सिझर्स'मध्ये दोघे आळीपाळीने एकमेकांच्या दिशेने वळत राहतात. तिथे जो हळू उडू शकतो तो मागे राहतो, आणि मागे राहणे म्हणजेच जिंकणे.

क्षेपणास्त्राने हे सारे संपेल, असे एकेकाळी खरोखर वाटले होते. सप्टेंबर १९५८ मध्ये तैवानच्या सेबर विमानांनी चिनी मिग विमानांवर साइडवाइंडर क्षेपणास्त्रे डागली. एक न फुटता मिगमध्येच अडकले. ते सोव्हिएत संघाकडे पोचले आणि त्यावरून के-१३ तयार झाले. तेच पुढे भारताच्या मिग-२१ वर आले. ही सुरुवातीची क्षेपणास्त्रे इंजिनाची धग पाहून जात, त्यामुळे ती मागूनच मारावी लागत. व्हिएतनाममध्ये अमेरिकेची सुरुवातीची फँटम विमाने अंगात तोफ नसलेली होती. क्षेपणास्त्रे वारंवार चुकू लागल्यावर फँटमच्या एफ-४ई या आवृत्तीत तोफ बसवली गेली, आणि १९६९ मध्ये नौदलाने झुंजीचे डावपेच शिकवणारी शाळाच काढली. भारताची अशी संस्था, टॅकडी, १९७१ ची. ती आता ग्वाल्हेरला आहे.

वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात ठेवलेले 'मारुत' हे तोफांच्या जमान्यातले विमान. त्याला ३० मिमीच्या चार तोफा होत्या, हवेतून हवेत मारणारे क्षेपणास्त्र नव्हते. तरीही ७ डिसेंबर १९७१ रोजी स्क्वाड्रन लीडर के. के. बक्षी यांनी मारुतमधून पाकिस्तानी सेबर पाडले.

आर-७३ सारखी क्षेपणास्त्रे आणि हेल्मेटमधले लक्ष्यदर्शक आल्यावर जवळच्या झुंजीचा चेहरा पालटला. वैमानिक ज्या दिशेला पाहतो तिकडे क्षेपणास्त्राची नजर वळते. शेपूट गाठायची गरज उरत नाही. पण समोरच्याकडेही तेच असेल तर दोघेही पडू शकतात. त्यामुळे शहाणा वैमानिक इतक्या जवळ जाणे टाळतोच.

दृष्टीपलीकडच्या लढाईत भारताचे 'अस्त्र' आणि राफेलवरचे 'मीटिऑर' ही क्षेपणास्त्रे १०० किमीपलीकडची मानली जातात. मुंबईवर सोडले तर पुण्याच्या आसपास पोचेल, असा हा पल्ला. कागदावरच्या या आकड्याला मात्र फार भुलू नये. नेहमीच्या क्षेपणास्त्राचे रॉकेट काही सेकंदांतच जळून जाते. पुढचा प्रवास साठलेल्या वेगावर. लक्ष्याने पाठ फिरवून पळ काढला की पल्ला निम्म्याहूनही खाली येऊ शकतो. मीटिऑरमध्ये रॅमजेट, म्हणजे बाहेरची हवा घेऊन जळत राहणारे इंजिन, असल्याने त्याच्याकडे शेवटापर्यंत जोर उरतो, हा त्याचा खरा फायदा.

म्हणून मारणारा उंचावरून आणि वेगात सोडतो, मग तिरका वळून अंतर राखत रडारने वाट दाखवत राहतो. वाचणारा रडारच्या किरणांना काटकोनात वळतो, कारण जवळ येण्याचा वा दूर जाण्याचा वेग शून्य झाला की डॉप्लर रडारला तो जमिनीच्या परावर्तनापासून वेगळा काढणे अवघड जाते. चॅफ, म्हणजे रडारला चकवणारे धातूचे बारीक तुकडे, सोडतो, दाट हवेत खाली उतरतो. पाठलाग करणाऱ्या क्षेपणास्त्रालाही वळावे लागते आणि प्रत्येक वळणाला त्याचाही वेग खर्ची पडतो. यो-योचाच हिशेब, फक्त एका बाजूला आता माणूस नाही.

२७ फेब्रुवारी २०१९ च्या चकमकीत कोणी काय पाडले, यावर भारत आणि पाकिस्तान यांचे दावे आजही जुळत नाहीत. दुसऱ्या दिवशी भारताने पत्रकारांपुढे ठेवला होता तो अ‍ॅमराम या दृष्टीपलीकडे मारणाऱ्या क्षेपणास्त्राचा तुकडा.

आणि तोफ? राफेलवरही ३० मिमीची एक आहे. तिच्या गोळ्या १२५. चाप दाबून धरला तर तीन सेकंदांत संपतात.