बी१२ भरपूर, तरी पेशी उपाशी

रक्ताचा आजार असलेल्या माणसाच्या रिपोर्टमध्ये कधीकधी बी१२ चांगलंच चढं दिसतं. 'चला, निदान जीवनसत्त्वाची तरी काळजी मिटली,' असं घरच्यांना वाटतं. हा दिलासा फसवा असू शकतो.

बी१२ रक्तात सुटं फिरत नाही, ते दोन प्रथिनांना चिकटलेलं असतं. त्यातलं ७० ते ८० टक्के असतं हॅप्टोकॉरिनकडे, आणि बहुतेक पेशींना ते घेताच येत नाही. पेशींच्या उपयोगी पडतं ते ट्रान्सकोबालामिनसोबतचं थोडंसं. साधी तपासणी मात्र दोन्ही मिळून एकच आकडा देते. सीएमएल हा रक्ताचा कर्करोग किंवा पॉलिसायथेमिया व्हेरा (शरीर गरजेपेक्षा जास्त रक्तपेशी बनवतं तो आजार) असेल, तर हॅप्टोकॉरिन बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी वाढतात आणि आकडा फुगतो. पेशींना किती मिळतंय, हे त्यावरून कळत नाही.

शंका असेल तर मिथाइलमॅलोनिक अ‍ॅसिड तपासावं. बी१२ अपुरं पडलं की ते साचत जातं. होमोसिस्टीनही वाढतं, पण ते फोलेट (बी९ जीवनसत्त्व) कमी असतानाही वाढतं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर दोन्ही आकडे तसेही चढे येतात, तेव्हा मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन शेजारी ठेवूनच ते वाचायला हवेत.

फोलेटची गोष्ट वेगळी. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. सिकलसेल किंवा थॅलेसेमियात ती त्याआधीच फुटते, मग अस्थिमज्जा नव्या पेशींचा सपाटा लावते आणि त्यात फोलेट संपतं. म्हणून अशा अनेक रुग्णांना फोलिक अ‍ॅसिड, म्हणजे फोलेटची गोळी देतात. पण खरी उणीव बी१२ची असेल, तर त्या गोळीने हिमोग्लोबिन सुधारतं आणि नसांची हानी आतल्या आत चालूच राहते. पायांना मुंग्या येतात, अंधारात तोल जातो. माझ्या मते फोलिक अ‍ॅसिड सुरू करण्याआधी बी१२ पाहणं टाळूच नये.

सीबीसी या रक्तपेशींच्या साध्या तपासणीतला एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचं सरासरी आकारमान, हाही असाच चकवतो. लोह कमी असलं की पेशी लहान होतात, बी१२ कमी असलं की मोठ्या. दोन्ही कमी असेल तर सरासरी नॉर्मल! आकारांतली तफावत दाखवणारा आरडीडब्ल्यू अशा वेळी वाढलेला असतो. सूक्ष्मदर्शकाखालच्या स्लाइडवर न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीच्या केंद्रकाचे पाच-सहा तुकडे धाग्याने जोडल्यासारखे दिसले, तर संशय बी१२ किंवा फोलेटवर जातो.

लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन संसर्गात किंवा सुजेत वाढतं, त्यामुळे लोहाची कमतरता झाकली जाते. सोबत ट्रान्सफरिन सॅच्युरेशन, म्हणजे लोह वाहून नेणारं प्रथिन किती भरलेलं आहे, तेही पाहिलेलं बरं. शरीरात लोह साचलेलं असेल, तर 'क' जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, कारण त्या लोहाचं शोषण वाढवतात.

रक्त चढवायचं ठरलं असेल, तर या तपासण्यांचे नमुने शक्यतो आधीच काढून ठेवावेत. दात्याचं रक्त मिसळलं की आकडे दोघांचे होतात.