किनाऱ्यावर येताना खाऊ खोलीतच ठेवा
(कासवांच्या खाण्याबद्दल आमच्या पाहुण्यांसाठी)

कासवाची पिल्लं समुद्रात सोडताना बघायला रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला येऊन आमच्या घरी उतरणाऱ्या प्रत्येक कुटुंबातलं एक तरी मूल विचारतं, "काका, पिल्लं काय खाणार?" प्रश्न चांगलाच आहे. अडचण पुढे होते. सकाळी किनाऱ्यावर त्याच मुलाच्या खिशातून बिस्किटाचा पुडा निघतो, आणि कधीकधी तो आईवडिलांनीच दिलेला असतो.

टोपलीतून सोडलेल्या पिल्लाला त्या दिवशी खायला काहीच लागत नाही. अंड्यातला उरलेला बलक त्याच्या पोटात ओढून घेतलेला असतो. ही शिदोरी त्याला काही दिवस पुरते. तिच्याच जोरावर ते लाटा ओलांडून, न थांबता पोहत खोल पाण्याकडे जातं. पुढे तरंगत्या शेवाळात आणि वाहत्या काडीकचऱ्यात लपून बारीक सागरी जीव खाऊ लागतं. बिस्किटाकडे ते ढुंकूनही पाहत नाही. पाहतात ते कावळे आणि कुत्री. वाळूत चुरा पडला की दोघंही हजर होतात आणि चार सेंटिमीटरचं पिल्लू त्यांच्या नजरेतून सुटत नाही. मग कावळे-कुत्री हटेपर्यंत कासवमित्र, म्हणजे कासवांची घरटी राखणारी माणसं, टोपली उघडत नाहीत, आम्ही वाकून चुरा वेचत बसतो आणि सातचं सोडणं लांबत जातं. तोवर ऊन चढतं, वाळू तापते. सगळ्यांचा वेळ जातो, आणि त्रास पिल्लांना होतो.

"दोन पिल्लं टबात ठेवा ना, मुलांना खाताना बघू दे," असंही पाहुणे सांगतात. आम्ही ठेवत नाही आणि ठेवणारही नाही. टबात पोहून ती शिदोरी वाया जाते, शिवाय 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने समुद्री कासवाला हात लावायचीही मुभा आपल्याला नाही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 साली इथे अंडी राखायला सुरुवात केली. गावाने हे काम आपलं मानलं, म्हणून आज आमच्या घरी पाहुणे येतात. ते आम्ही विसरत नाही.

आपल्या किनाऱ्यावर अंडी घालणारं कासव म्हणजे ऑलिव्ह रिडले. मोठं झाल्यावर ते खेकडे, कोळंबी, शंखशिंपल्यातले जीव, जेलीफिश, मासे, थोडं शेवाळ असं मिळेल ते खातं. यादी वाचून तुम्हाला आमचं जेवणाचं ताट आठवेल, आणि ते बरोबरच आहे. तळाशी खेकडे-कोळंबी टिकली तर कासवाचंही भागतं आणि कोळ्याचंही. जाळ्याने तळ खरवडून निघाला की दोघांनाही उपास.

इतर कासवांचं ताट वेगळं. मोठं हिरवं कासव मुख्यतः समुद्री गवत आणि शेवाळ खातं, चोचीसारख्या तोंडाचं हॉक्सबिल प्रवाळातले स्पंज, तर सगळ्यांत मोठं लेदरबॅक जवळजवळ फक्त जेलीफिशवर जगतं. कासव कुठे काय खातं ते पाहिलं की तिथल्या पाण्याची तब्येत कळते. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटाजवळ हिरवी कासवं फार जमली आणि गवताची कुरणं चरून उजाड झाली. त्या गवताच्या आसऱ्याने वाढणारे मासे कमी झाले म्हणून तिथले मच्छीमार कासवांवर रागावले. समुद्रात एकाचं ताट असं दुसऱ्याच्या ताटाला जोडलेलं असतं.

वेफर्सच्या पिशव्याही खोलीतच ठेवा. पाण्यात तरंगणारी पिशवी कासवाला जेलीफिशसारखी दिसते, आणि काही दिवस पाण्यात राहून तिच्यावर शेवाळ चढलं की तिला वासही खाण्यासारखाच येतो. गिळली तर आतड्यात अडकते.

बाकी सोपं आहे. टॉर्च आणि फ्लॅश बंद, दोरीच्या मागे उभं राहायचं. पिल्लं कधी निघतील ते घरट्यातल्या उबेवर ठरतं. अंडी घातल्यापासून साधारण 45 ते 60 दिवस लागतात, त्यामुळे अमुक दिवशी दिसतीलच असा शब्द आम्ही देत नाही, आणि नाही दिसली म्हणून पैसेही परत करत नाही. दोन रात्री राहिलात तर सकाळ-संध्याकाळ मिळून संधी वाढते. शनिवार-रविवारपेक्षा मधल्या वारी गर्दी कमी असते आणि मुलांना पुढे उभं राहून नीट बघता येतं.

सकाळी सहाला अंगणात चहा तयार असतो. गरम घावणे आणि नारळाची चटणी किनाऱ्यावरून परत आल्यावर, म्हणून निघताना बरोबर काही घ्यावं लागत नाही.