कळव्याचा ब्रेकर कोणी उघडला?

12 ऑक्टोबर 2020, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास कळव्यातल्या आमच्या घरचा पंखा थांबला. फ्यूज गेला असेल म्हणून खाली डोकावलं, तर अर्धी बिल्डिंग आधीच जिन्यात उभी होती. थोड्या वेळात कळलं की ठाणे, नवी मुंबई, मुंबई सगळीकडची वीज गेली आहे आणि लोकल रुळांवर जागच्या जागी थांबल्या आहेत.

साडेचार महिन्यांनी शेजारचे काका मोबाइल पुढे करत आले. "वाचलंस का? चीनने घालवली होती आपली वीज!"

"काका, खालपर्यंत वाचलंत का?" मी विचारलं. त्यांनी मथळाच वाचला होता, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकी कंपनीने भारतातल्या भार प्रेषण केंद्रांच्या (कुठे किती वीज पाठवायची हे सांभाळणाऱ्या केंद्रांच्या) नेटवर्ककडे रोखलेलं मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, शोधलं होतं. मुंबईच्या अंधाराशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही, हेही त्याच अहवालात लिहिलं होतं. मथळ्यात ते वाक्य आलं नाही. 1 मार्च 2021 ला राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी राज्य सायबर विभागाच्या प्राथमिक अहवालावरून घातपाताची शक्यता बोलून दाखवली. लगोलग तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी सांगितलं की हल्ले झाले होते, पण वीज गेली ती मानवी चुकीमुळे.

मग त्या सकाळी झालं काय? पडघ्याहून कळव्याला येणाऱ्या 400 केव्ही लाइनच्या एका सर्किटची देखभाल चालू होती, भार दुसऱ्यावर होता आणि त्यात बिघाड झाला, असं राज्याचे तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी त्याच दिवशी सांगितलं होतं. बाहेरून येणारी वीज अशी अचानक तुटली की उरलेल्या जनित्रांवर सगळा बोजा पडतो. चढावर ओझं वाढलं की सायकल मंदावते, तशी जनित्रं मंदावतात आणि विजेची वारंवारता 50 हर्ट्झच्या खाली घसरू लागते. यंत्र वाचवण्यासाठी संरक्षक रिले, म्हणजे दोष ओळखणारी उपकरणं, जनित्राला ग्रिडपासून (विजेच्या सामायिक जाळ्यापासून) तोडतात. उरलेल्यांवरचा बोजा आणखी वाढतो आणि तीही एकामागून एक बंद पडतात. अशा वेळी मुंबईला बाकीच्या ग्रिडपासून वेगळं काढून स्वतःच्या विजेवर जगवणारी आयलंडिंग व्यवस्था 1981 पासून आहे. त्या दिवशी तीही टिकली नाही. माझ्या दृष्टीने खरी बातमी ही होती. देखभालीचं नियोजन आणि आयलंडिंग हे विषय मात्र 'सायबर हल्ला' या दोन शब्दांखाली गाडले गेले.

सायबर हल्ल्याने वीज जाऊच शकत नाही, असं मी अजिबात म्हणत नाही. युक्रेनमध्ये 23 डिसेंबर 2015 ला ती गेली. कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा माउस आपोआप फिरला, सबस्टेशनांचे ब्रेकर (वीज जोडणारे-तोडणारे मोठे स्विच) उघडले, म्हणजे वीज तुटली, आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. दोन घटनांमधला फरक नोंदींतून कळतो. ब्रेकर रिलेला दोष जाणवल्याने उघडला की कंट्रोल रूमच्या संगणकावरून हुकूम आल्याने, हे मिलिसेकंदांच्या वेळेसह नोंदवलं जातं. नोंदींशीही छेडछाड होऊ शकते, म्हणून वेगवेगळ्या ठिकाणच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहतात. एखाद्या कार्यालयातल्या संगणकात ट्रोजन (लपून शिरलेलं मालवेअर) सापडला, एवढ्यावरून या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

'हॅक' हा शब्द आपण फार सैल वापरतो. जून 2022 मध्ये ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या वेबसाइटवर हॅकरांचा संदेश झळकला. प्रकार गंभीरच, पण वेबसाइटचं पान बदलणं वेगळं आणि तपासाच्या फाइलींपर्यंत पोहोचणं वेगळं. जून 2017 मध्ये न्हावाशेवाच्या जेएनपीटी बंदरात एका टर्मिनलचं काम ठप्प झालं तेव्हा 'जेएनपीटीवर सायबर हल्ला' असे मथळे आले. ते टर्मिनल चालवत होती मर्स्क या डॅनिश कंपनीच्या समूहातली कंपनी. तिच्या जगभरच्या नेटवर्कमध्ये शिरलेलं नॉटपेट्या नावाचं मालवेअर पसरलं होतं युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. उरणच्या रस्त्यावरच्या कंटेनरवाल्यांना त्या सॉफ्टवेअरशी काय देणंघेणं! नॉटपेट्याने ज्या वाटांनी हातपाय पसरले, त्यांतली एक बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ती वेळेवर बसवणं हे कंटाळवाणं काम असतं, त्यावर मथळा होत नाही.

एप्रिल 2022 मध्ये सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने आदेश काढला: सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवा. या सहा तासांची चर्चा खूप झाली. त्याच आदेशात आणखी एक कलम आहे, संगणक यंत्रणांच्या नोंदी 180 दिवस जपून ठेवायच्या, आणि ते सरकारी संस्थांनाही लागू आहे. मला ते जास्त मोलाचं वाटतं. मी बोटांवर मोजून पाहिलं: 12 ऑक्टोबर ते 1 मार्च होतात 140 दिवस, म्हणजे 180 च्या आतच.