मुलाला घरीच शिकवायचे असल्यास: कायद्याची स्थिती, पात्रता आणि कागदपत्रे

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवण्याचा विचार करणारे पालक सर्वांत आधी परवानगीबद्दल विचारतात. महाराष्ट्रात गृहशिक्षणासाठी स्वतंत्र परवाना किंवा नोंदणीची व्यवस्था नाही. त्यामुळे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात किंवा महापालिकेच्या शिक्षण विभागात त्यासाठी भरून देण्याचा अर्जही नाही. मात्र अर्ज नाही म्हणजे कागदपत्रांची जबाबदारी नाही, असा अर्थ कृपया कोणी काढू नये. घरी शिकलेल्या मुलाची खरी अडचण बहुधा दहावीच्या तोंडावर उभी राहते, आणि ती टाळण्याची तयारी मूल सहा वर्षांचे असतानाच करावी लागते.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 हा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे आणि तो 6 ते 14 या वयोगटासाठी आहे. त्याच्या कलम 10 नुसार आपल्या पाल्याला प्राथमिक शिक्षणासाठी नजीकच्या शाळेत दाखल करणे हे प्रत्येक पालकाचे कर्तव्य आहे. हे कर्तव्य न पाळणाऱ्या पालकाला शिक्षा किंवा दंड करण्याची तरतूद या अधिनियमात नाही. दंड आहे तो मान्यतेशिवाय शाळा चालवणाऱ्याला, कलम 18 खाली, एक लाख रुपयांपर्यंत. म्हणून चार-पाच कुटुंबांनी एकत्र येऊन, शुल्क घेऊन, रोज ठरावीक वेळेला मुलांना शिकवायला सुरुवात केली, तर ते गृहशिक्षण राहते की विनामान्यता शाळा ठरते, याचा विचार आधीच करावा. घरी शिकवण्याला स्पष्ट मनाई नाही, पण स्पष्ट मान्यताही नाही, अशी ही स्थिती आहे, आणि ती समजून घेऊनच निर्णय घेणे मुलाच्या हिताचे आहे. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी कोणी दारात आले, तर मूल घरी काय शिकते हे शांतपणे सांगता यावे आणि त्याच्या वह्या दाखवता याव्यात.

एका गटासाठी मात्र कायद्यात नेमका आधार आहे. 2012 च्या दुरुस्तीनुसार बहुविकलांग आणि तीव्र दिव्यांगत्व असलेल्या बालकांना गृहाधारित शिक्षणाचा पर्याय निवडण्याचा हक्क आहे. अशा पालकांनी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र घेऊन शिक्षण विभागाशी जरूर संपर्क साधावा.

आता कागदपत्रे. पहिला कागद जन्म प्रमाणपत्राचा. 1 ऑक्टोबर 2023 पासून किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शैक्षणिक प्रवेशाच्या वेळी जन्मतारखेचा पुरावा म्हणून हेच प्रमाणपत्र धरले जाते. अनेक घरांत ते बाळाचे नाव नसलेलेच कपाटात पडून असते. बारशानंतर नाव नोंदवायचे राहून गेलेले असते. शाळेत गेलेल्या मुलाला शाळेच्या दाखल्याचा आधार मिळतो, तो घरी शिकणाऱ्या मुलाला मिळत नाही, म्हणून हे नाव तातडीने नोंदवून घ्यावे आणि आधार कार्डावरील नाव व जन्मतारीख त्याच्याशी अक्षरन् अक्षर जुळते की नाही ते तपासावे.

दुसरा कागद शाळा सोडल्याचा दाखला. मूल दोन-तीन वर्षे शाळेत जाऊन मग घरी शिकणार असेल, तर नुसते शाळेत पाठवणे बंद करू नये. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि मूळ दाखला ताब्यात घ्यावा. जनरल रजिस्टरचा क्रमांक, आईचे नाव, जन्मस्थळ आणि जात या रकान्यांतील नोंदी तिथेच उभे राहून वाचाव्यात. पुढे जातीच्या दाखल्यासाठी याच नोंदी पाहिल्या जातात, आणि शाळा सोडल्यानंतर त्यांत दुरुस्ती करून घेणे फार अवघड होते.

हा दाखला का जपायचा, हे राज्य मंडळाच्या सतरा नंबरच्या अर्जाकडे पाहिले की कळते. खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसण्यासाठी हा अर्ज ऑनलाइन भरून, त्याची छापील प्रत संपर्क केंद्र असलेल्या शाळेत द्यावी लागते, आणि सोबत शाळा सोडल्याचा मूळ दाखला, किंवा दुय्यम प्रत व प्रतिज्ञापत्र, आधार कार्ड आणि छायाचित्र लागते. जे मूल कधीच शाळेत गेलेले नाही, त्याच्यासाठी हा मार्ग सोयीचा नाही.

अशा मुलांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था हा मला सर्वांत भरवशाचा मार्ग वाटतो. दहावीसाठी वयाची 14 वर्षे पूर्ण असावी लागतात. आठवीचे गुणपत्रक नसल्यास, माध्यमिक अभ्यासक्रमासाठी पुरेसा अभ्यास केला आहे असे स्वयंघोषणापत्र चालते. त्याखेरीज जन्मतारखेचा, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, छायाचित्र, स्वाक्षरी आणि आरक्षित प्रवर्गातील असल्यास जातीचा दाखला द्यावा लागतो. उत्तीर्ण होण्यासाठी पाच विषय लागतात, त्यांत किमान एक भाषा हवी. नोंदणी पाच वर्षे टिकते आणि तेवढ्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, त्यामुळे एकेका विषयाची तयारी सावकाश करता येते. मराठी माध्यमही घेता येते. बारावीसाठी मान्यताप्राप्त मंडळाची दहावी उत्तीर्ण आणि 15 वर्षे पूर्ण असणे आवश्यक आहे. त्याआधी मुलाच्या हाती काही प्रमाणपत्र असावे असे वाटत असेल, तर याच संस्थेच्या मुक्त मूलभूत शिक्षणातील तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष असे अनुक्रमे अ, ब आणि क स्तर पाहावेत. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाच्याही पाचवी आणि आठवीच्या परीक्षा आहेत. त्यांच्या वयाच्या अटी त्या वर्षीच्या प्रवेशसूचनेत वाचून मगच अर्ज भरावा.

घरी शिकवणे जमले नाही, किंवा मुलालाच शाळेची ओढ लागली, तर परतीची वाट कायद्याने मोकळी ठेवली आहे. कलम 4 नुसार सहा वर्षांवरील मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळाला पाहिजे आणि मागे राहिलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षणही मिळाले पाहिजे, तर कलम 14 नुसार केवळ वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शाळेने टाळाटाळ केली, तर ही दोन कलमे अर्जात नमूद करून तो अर्ज मुख्याध्यापकांना लेखी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.