धनुष्कोडीचे स्टेशन: भिंती उरण्याआधीची गोष्ट

रामेश्वरला जाणारे यात्रेकरू आता हमखास धनुष्कोडीलाही जातात. वाळूत छप्पर नसलेल्या भिंती दिसतात, ‘हे जुने स्टेशन’ म्हणून कोणीतरी दाखवते, फोटो काढून मंडळी पुढे निघतात. इथे थोडे थांबायला हवे. एके काळी मेल गाडी थेट इथवर येई आणि रामेश्वर हा नुसता फाटा होता.

त्याआधी मद्रासहून सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला, जायचे तर तुतिकोरिनपर्यंत रेल्वे आणि पुढे कोलंबोपर्यंत रात्रभर बोट. समुद्रातली ही वाट कमी व्हावी म्हणून सिलोनला सर्वांत जवळच्या टोकापर्यंत, म्हणजे धनुष्कोडीपर्यंत, रूळ न्यायचे ठरले. थेट पलीकडे पूल बांधण्याचाही विचार झाला होता, पण तेवढा पैसा मिळाला नाही. २४ फेब्रुवारी १९१४ रोजी रामेश्वर बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा पांबनचा पूल खुला झाला. पांबनला मार्ग दुभंगे. त्यातला एक सुमारे २४ किलोमीटर वाळूतून धनुष्कोडीला जाई. ‘बोट मेल’ या गाडीतून उतरायचे, आगबोटीत बसायचे, पलीकडे तलैमन्नारला पुन्हा रेल्वे. मद्रास ते कोलंबो तिकीट एकच. चहाच्या मळ्यांवर निघालेल्या तमिळ मजुरांचीही हीच वाट. त्यांची आरोग्यतपासणी आधी मंडपमच्या छावणीत होई. कस्टम्स, पोस्ट, शाळा, रेल्वेची घरे, गावात जे काही आले ते बहुतेक या बोटीमुळे.

२२ डिसेंबर १९६४च्या रात्री चक्रीवादळ आले. पांबनहून सुटलेली ६५३ क्रमांकाची पॅसेंजर धनुष्कोडीच्या जवळ आली होती. सिग्नल मिळेना, म्हणून लांब शिट्टी देऊन चालकाने गाडी पुढे घेतली, असे सांगतात. लाटेने सहाही डबे ओढून नेले. नोंदीत ११० प्रवासी आणि ५ कर्मचारी आहेत. विनातिकीट बसलेल्यांची मोजदाद कोण करणार?

पांबनच्या पुलाचे १४५ पैकी १२६ गर्डर वाहून गेले होते. पुढे कोकण रेल्वे उभारणाऱ्या ई. श्रीधरन यांनी तो पूल अवघ्या ४६ दिवसांत पुन्हा चालू करून दाखवला. त्यामुळे रामेश्वरची गाडी वाचली, धनुष्कोडीची नाही. सरकारने गाव राहण्यास अयोग्य ठरवले. बोट रामेश्वरहून सुटू लागली आणि श्रीलंकेत यादवी पेटल्यावर तीही थांबली.

१ मार्च २०१९ रोजी रामेश्वर ते धनुष्कोडी या सुमारे १७ किलोमीटरच्या नव्या मार्गाची पायाभरणी झाली. त्या भिंतींच्या आसपास आज कोळ्यांच्या झोपड्या आहेत आणि शंखशिंपल्यांची दुकाने.