आठ मिलिमीटरची माउझर: ‘आय’ आणि ‘आयएस’ एक नव्हेत

‘आठ बाय सत्तावन्न आहे ना? मग आठ मिलिमीटरची कुठलीही गोळी भरा की.’ हा सल्ला देणारा दर वेळी ठाम असतो, आणि रायफल दर वेळी दुसऱ्याची असते. पण आठ बाय सत्तावन्न (८×५७) या नावाची काडतुसं दोन आहेत, जुनं ‘आय’ आणि नवं ‘आयएस’, आणि दोघांच्या गोळ्या वेगळ्या जाडीच्या.

घरी काडतूस भरणाऱ्याला पितळी कवच, बार पेटवणारी टोपी, बंदुकीची दारू यांची ओळख करून द्यायला नको. एका शब्दाबद्दल मात्र मी हट्टी आहे. गोळी म्हणजे नळीतून बाहेर पडते तेवढीच. अख्ख्या काडतुसाला गोळी म्हणणं बोलताना खपतं, इथे नाही. ‘आयएसची गोळी बसते’ म्हणजे ते काडतूस चेंबरमध्ये, नळीच्या मागच्या टोकाच्या पोकळीत, जातं, की त्यातली गोळी नळीत आतून कोरलेल्या पीळदार खाचांच्या मापाची आहे? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळा घोळ त्यांच्या मध्येच आहे.

इतिहास थोडक्यात. १८८८ साली जर्मन सैन्याने नवी रायफल घेतली, तिच्याबरोबर ८×५७ आय हे काडतूस आलं. आय म्हणजे इन्फंटेरी, पायदळ. गोळी गोल नाकाची, १४.७ ग्रॅमची, म्हणजे सुमारे २२६ ग्रेन, आणि जाडी ०.३१८ इंच. पुढे फ्रेंचांची टोकदार गोळी पाहून जर्मनांनीही १९०३ ते १९०५ च्या दरम्यान टोकदार गोळी आणली. ती ९.९ ग्रॅमची, सुमारे १५४ ग्रेन, बरीच वेगवान, आणि जाडी ०.३२३ इंच. ते आयएस. सैन्याने नवं काडतूस घेतलं, शिकाऱ्यांनी जुनं सोडलं नाही. आय मापाच्या नळ्यांच्या शिकारी रायफली त्यानंतरही कित्येक वर्षं बनत राहिल्या. म्हणून ‘माझी रायफल १९०५ नंतरची, म्हणजे आयएसच’ हा तर्क लंगडा आहे.

किरकोळ गोष्टी उरकतो. ‘जे’ आणि ‘आय’ यांत काहीच फरक नाही. जुन्या जर्मन लिपीत ही दोन मोठी अक्षरं जवळजवळ सारखी दिसतात, म्हणून इंग्रजी पुस्तकांत आयचा जे झाला. नावात ‘आर’ असला तर कवचाच्या बुडाला कड आहे, म्हणजे नळी खाली झुकवून भरायच्या बंदुकीसाठीचं काडतूस. त्याची दाबाची मर्यादाही कमी असते. झालं.

आता खरी अडचण. दोन्ही काडतुसांचं पितळ दिसायला सारखं, लांबी ५७ मिलिमीटर, खांद्याचा उतार तसाच. गोळीच्या जाडीत फरक फक्त इंचाचे पाच हजारांश, म्हणजे फार तर दोन केसांएवढा. बहुतेक जण म्हणतात, शिसं मऊ असतं, जाड गोळी नळीत शिरताना दबेल आणि निघून जाईल. हे अर्धसत्य आहे आणि म्हणूनच घातक आहे. खाचांत दबून गोळी बारीक होते हे खरं. त्याला जास्त दाब लागतो हेही खरं. पण त्याआधी गोळीला काडतुसाच्या मानेतून, म्हणजे कवचाच्या गोळी धरणाऱ्या अरुंद तोंडातून, सुटावं लागतं, आणि हा टप्पा सगळे विसरतात.

बार उडतो तेव्हा मानेचं पितळ किंचित फुगतं आणि गोळीवरची पकड सोडतं. त्या फुगण्यासाठी चेंबरच्या भिंतीत जागा हवी. आयचं चेंबर ०.३१८ ची गोळी धरणाऱ्या मानेसाठी कापलेलं असतं. तिथे ०.३२३ ची गोळी धरलेली मान घातली, तर पितळ आधीच भिंतीला टेकलेलं किंवा जवळजवळ टेकलेलं. फुगायला वाव नाही, त्यामुळे गोळी चिमट्यात अडकल्यासारखी. मागे दारू पेटलेलीच आहे, तिला थांबता येत नाही, दाब चढत जातो. मग गोळी सुटते आणि तिच्यापेक्षा अरुंद नळीत जाऊन दुसऱ्यांदा अडते. एकावर एक असे दोन अडथळे, तेही शंभर वर्षांपूर्वीच्या पोलादात.

म्हणूनच काडतूस चेंबरमध्ये गेलं आणि बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) बंद झाला, याचा अर्थ ‘चालतं’ असा होत नाही. चेंबर थोडं ऐसपैस असेल किंवा पितळाची मान पातळ असेल, तर आयएसचं काडतूस आयच्या रायफलीत गुपचूप जाऊन बसतं. बोल्ट अडला असता तर बरं झालं असतं.

नळीवरच्या खुणांचंही तेच. जुन्या लष्करी १८८८ च्या रायफली नव्या काडतुसासाठी बदलल्या तेव्हा चेंबरच्या मानेची जागा रुंद केली आणि वर ‘एस’ ठोकला. तो ‘एस’ बोलतो चेंबरबद्दल. या नळीच्या खाचा आज किती खोल आहेत हे तो सांगत नाही. आधीच्या नळ्यांत खाचांची खोली ०.१० मिलिमीटर होती, १८९६ पासून ती ०.१५ केली गेली. शिकारी रायफलीच्या नळीवर ७.८ किंवा ७.९ असा आकडा असेल तर तो समोरासमोरच्या उंचवट्यांमधल्या (खाचांच्या मधल्या, न कोरलेल्या भागांमधल्या) अंतराचा, खाचांमधल्या नव्हे. गोळी निवडायची ती खाचांच्या मापावर.

तेव्हा मोजा. शुद्ध मऊ शिशाचा, नळीपेक्षा थोडा जाड तुकडा घ्या, नळीला तेल लावा, रिकाम्या रायफलीतून तो आरपार ढकला आणि बाहेर आलेल्या तुकड्यावर खाचांचा व्यास मायक्रोमीटरने पाहा. मायक्रोमीटरने, व्हर्नियर कॅलिपरने नाही. हजारांश इंचावर निर्णय घेताना कॅलिपरवर विसंबणारे मला कळतच नाहीत. चेंबरसाठी ठसा घेणं उत्तम. सोपी चाचणीही आहे: त्याच रायफलीत योग्य काडतूस उडवून झालं की रिकाम्या कवचाच्या मानेत तुम्हाला भरायची असलेली गोळी बोटाने घालून पाहा. सैल गेली पाहिजे. अडली, तर त्या गोळीचा विषय तिथेच संपला.

उलटी चूक, म्हणजे ०.३१८ ची गोळी ०.३२३ च्या नळीत. गोळी खाचा नीट भरत नाही, गॅस बाजूने निसटतो, नेम पसरतो. काडतुसं वाया जातात, रायफल वाचते.

मोजून झालं की गोळीची निवड अवघड राहत नाही. आयसाठी माझी पसंती २०० ग्रेनच्या आसपासच्या किंवा त्याहून जड, गोल नाकाच्या गोळीला. या नळ्यांचा पीळ २४ सेंटिमीटरला एक फेरा, तो लांब, जड गोळीसाठीच आखलेला. चेंबरच्या पुढचा भागही तिच्यासाठीच लांब ठेवलेला. हलकी टोकदार गोळी तिथे खाचांना भिडण्याआधी बरंच अंतर मोकळी धावते. ०.३२३ ची जॅकेटवाली गोळी डायमधून ओढून ०.३१८ करण्याचा उद्योग मला पसंत नाही: तांब्याचं जॅकेट थोडं परत फुलतं, आतलं शिसं फुलत नाही, आणि दोघांची सांगड सैल होते. त्यापेक्षा ओतीव शिशाची गोळी करावी, खाचांपेक्षा हजारांश इंच जाड, बुडाला गॅस चेक (धातूची छोटी वाटी) लावून.

दारूकडे येतो, कारण तिथे याच गोंधळाची धाकटी भावंडं आहेत. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या जर्मन शिकारी रायफलींच्या नळीवर बऱ्याचदा काडतुसाचा भार कोरलेला असतो: दारू किती ग्रॅम, कुठली, आणि गोळी कसली. ते वाचून हरखून जाऊ नका. तो भार त्या काळच्या चपट्या पापुद्र्यांच्या दारूचा आहे. आजच्या डब्यातली तितकीच ग्रॅम दारू ही वेगळीच वस्तू. कोरीव मजकुरातून घ्यायचं ते गोळीचं वजन आणि रायफल बिनधुराच्या दारूने तपासली होती एवढंच.

दुसरं भावंड दारू किती भरायची ते सांगणाऱ्या अमेरिकन तक्त्यांचं. अमेरिकन प्रमाणात ‘८ एमएम माउझर’ची (आयएसचंच तिथलं नाव) दाबाची मर्यादा ३५,००० पीएसआय, म्हणजे सुमारे २,४०० बार. युरोपात आयएसला ३,९०० बार. अमेरिकनांनी दाब इतका खाली ठेवला, कारण ते काडतूस कुणीतरी आयच्या रायफलीत घालणार अशी त्यांना धास्ती होती. यावरून ‘अमेरिकन भार आयमध्ये सुरक्षित’ असा निष्कर्ष काढणारे भेटतात. त्या तक्त्यात गोळी ०.३२३ चीच आहे, बाबांनो! तो सौम्य भार आयएसच्या जुन्या रायफलीसाठी छान. आयसाठी ०.३१८ च्या गोळीचा स्वतंत्र छापील तक्ता हवा, आणि सुरुवात त्यातल्या सर्वात खालच्या आकड्यापासून.

शेवटचं, ‘सावकाश जळणारी दारू जुन्या रायफलीला सोसते, तीच कमी भरा’. नको. सावकाश जळणारी दारू अर्ध्या कवचात भरली की ती नीट पेटेलच याची खात्री नसते. कधी गोळी नळीत अडकून बसते, कधी दाब भलताच उसळतो. भार कमीच हवा असेल तर मी ‘एच ४८९५’ ही दारू घेतो, कारण तक्त्यातल्या कमाल भाराच्या ६० टक्क्यांपर्यंत ती उतरवायला तिचे विक्रेते स्वतः मुभा देतात. शेजारच्या फळीवरची ‘आयएमआर ४८९५’ ही निराळी दारू आहे. आकडा तोच असला तरी तिला ना ही मुभा लागू, ना तिचा तक्ता ‘एच ४८९५’ला.